हिरड्याला जामीन कोण?

आमच्या घरातली सहाण माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंची. मधोमध इतकी झिजलीय की पाण्याचे चार थेंब टाकले तर आपसूक खळग्यात जाऊन बसतात. तिच्यावर किती पोरांच्या गुट्या उगाळल्या गेल्या, याचा हिशेब कुणाकडे नाही. माझी दोन, जावेची तीन, माहेरपणाला आलेल्या नणंदेची दोन, एवढी मी डोळ्यांनी पाहिली.

गुटीचं गणित सासूबाईंच्या बोटांत होतं. वेखंडाचा एक वेढा, म्हणजे सहाणेवर एक फेरा, हळकुंडाचे दोन, हिरड्याचे दोन. पोट फुगलं असेल तर मुरुडशेंगेचा एक जास्त. जायफळाचा निम्माच, नाहीतर पोरगं दिवसभर झोपतं आणि रात्रभर आपल्याला जागवतं. जुलाब लागले तर अतिविष. खारीक-बदाम नंतर, अंग धरायला लागल्यावर. हे सगळं मी तेव्हाच एका डायरीत उतरवून ठेवलं होतं. लेक बाळंतपणाला आली तशी डायरी काढली, सहाण घासून धुतली, गुटीचा पितळी डबा उन्हात ठेवला. लेकीनं डब्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आई, हे ऑरगॅनिक आहे का? सर्टिफाइड?"

"तू याच्यावरच मोठी झालीस," मी म्हटलं.

"ते माझं नशीब. विचारलंय त्याचं उत्तर दे."

मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली अठरा कर्ज विभागात. समोर बसलेल्या माणसाला "कागद आणलेत का?" हे विचारण्याचाच मला पगार मिळायचा. सातबारा, आठ-अ, फेरफार, जामीनदाराच्या सह्या. आणि आता माझ्याच स्वयंपाकघरात माझ्याच लेकीनं मला कागद मागितले, तर मला राग आला. राग यायचं कारण साधं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. डब्यातला माल पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेला. बोहरी आळीत तो कुठून आला? देव जाणे. शेतकऱ्याच्या गट नंबरापर्यंत चौकशी करणाऱ्या बाईला, पोराच्या तोंडात जाणाऱ्या मुळीचं मूळ गाव विचारायचं कधी सुचलं नव्हतं.

तो वाद तेव्हा डॉक्टरीणबाईंनीच मिटवला. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नाही, पाणीसुद्धा नाही, गुटी तर नाहीच नाही. वेखंडाबद्दल त्या जे बोलल्या ते मी सासूबाईंच्या फोटोसमोर बोलू शकणार नाही. मी दोन दिवस फुगून होते. मग शांतपणे विचार केल्यावर वाटलं, त्यांचंही चूक नाही. वेढ्याचं माप कुणी काढलंय? सासूबाईंचा वेढा आणि माझा वेढा एक नव्हता, हे मलाच माहीत होतं. सहाण परत फडताळात गेली. प्रश्न मात्र बाहेरच राहिला, आणि माझ्याकडे निवृत्तीनंतरचा भरपूर वेळ होता.

लेकीनं तोवर तिच्या पद्धतीनं उत्तर शोधलं होतं. सहा महिन्यांनंतर लागेल म्हणून तिनं ऑनलाइन एक गुटीसंच मागवून ठेवला. सुरेख लाकडी डबी, आत मखमली कप्पे, झाकणावर हिरवं पान आणि 'सेंद्रिय प्रमाणित' असा शिक्का. किंमत बोहरी आळीच्या चौपट. मी कौतुकानं एकेक जिन्नस हातात घेऊन बघत होते. हळकुंड उत्तम होतं, मोडल्यावर आत गर्द केशरी. शतावरी ठीक. मग अतिविषाचा कप्पा.

अतिविष हे आपल्याकडे होत नाही. हिमालयात तीन-चार हजार मीटर उंचीवर बर्फ वितळल्यावर उगवणारी ही वनस्पती, वचनागाच्याच कुळातली. भाऊबंद विषारी, ही मात्र औषधी. जंगलातून इतकी उपसली गेली की आता धोक्यात आलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. मूळ बोटाच्या पेरापेक्षा लहान, वरून राखी, खाली निमुळतं. खरं अतिविष मोडलं की 'कट्' असा कोरडा आवाज होतो आणि आतून खडूसारखं पांढरंशुभ्र निघतं. जिभेला लावलं तर आधी काहीच नाही, मग सावकाश कडू, आणि तो कडूपणा चहा घेतला तरी जात नाही. जिभेला मुंग्या आल्या तर मात्र तात्काळ थुंकायचं. ते अतिविष नव्हे, त्याचा विषारी भाऊ.

मखमली कप्प्यातलं मूळ मोडायला गेले तर मोडेना, चिवट. सुरीनं कापलं. आत तपकिरी, धागेदार. आणि वास? तो वास मी डोळे मिटून ओळखला असता. दर दिवाळीला मी घरी उटणं करते. नागरमोथा!

एक गोष्ट इथं कबूल केली पाहिजे. अतिविष मिळालं नाही तर नागरमोथा वापरावा, ही सवलत आयुर्वेदातच आहे. प्रतिनिधी द्रव्य म्हणतात त्याला. म्हणजे डबीत विष नव्हतं, कुणाचं पोर दगावणार नव्हतं. पण बदली खेळाडू उतरवला तर निदान फलकावर त्याचं नाव तरी लावा. अतिविष हजारांच्या भावानं जातं आणि नागरमोथा शेताच्या बांधावर तण म्हणून उगवतो. कप्प्यावर नाव मात्र महागाचं होतं.

मी बँकेतल्या सवयीनं त्या कंपनीकडे कागद मागितले. कौतुक असं की कागद दुसऱ्या दिवशी आला, पीडीएफमध्ये, क्यूआर कोडसकट. मी तो तपासला. खरा होता! मुदत संपलेली नव्हती, प्रमाणन संस्था मान्यताप्राप्त होती. मग मी तिसरं पान उघडलं. कर्जाच्या फायलीत सगळी गंमत नेहमी तिसऱ्या पानावर असते. तिथं पिकांची यादी होती: हळद, आलं, शतावरी, अश्वगंधा. चार नावं. डबीत जिन्नस तेरा. उरलेले नऊ त्या शिक्क्याच्या पंखाखाली आपोआप सेंद्रिय झाले होते, घराच्या तारणावर गाडीचंही कर्ज काढावं तसे.

मी हे कळवल्यावर फार गोड भाषेतलं उत्तर आलं आणि पैसे परत मिळाले. अतिविष कुठून घेतलं, या प्रश्नाचं उत्तर काही आलं नाही.

माझा एक मामेभाऊ बरीच वर्षं सेंद्रिय प्रमाणनाचा निरीक्षक म्हणून फिरला आहे. ती डबी त्याच्यापुढे ठेवली तेव्हा त्यानं आधी नागरमोथ्याचा वास घेतला आणि मग मोठ्यानं हसला. म्हणाला, "ताई, आमचा कागद शेताचा असतो गं. मुळीचा नसतो."

त्या दुपारी पोह्यांच्या दोन बशा संपेपर्यंत त्यानं मला जे समजावलं ते असं. आपल्याकडे सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून आहे, वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीत, शेतमालाच्या निर्यातीचं काम बघणाऱ्या 'अपेडा'कडे. मुळात निर्यातीसाठी केलेला. त्यात निरीक्षक बघतो तो जमीन आणि तिच्यावरची वहिवाट: रासायनिक खत किती वर्षं बंद आहे, शेजारच्या शेतातली फवारणी उडून येते का, बियाणं कुठलं, नोंदवही आहे का. हंगामी पीक असेल तर जमिनीला दोन वर्षं रूपांतराची, बारमाही असेल तर तीन. पुढं माल विकला की प्रत्येक व्यवहाराचा वेगळा दाखला, म्हणजे शंभर किलो पिकवून पाचशे किलो विकता येऊ नये. छोट्या शेतकऱ्यांना एकेकट्यानं हा खर्च झेपत नाही, म्हणून गट करतात. गटाची आतली तपासणी गटानंच करायची, बाहेरचा निरीक्षक त्यातली थोडी शेतं स्वतः जाऊन ताडून बघतो.

"आणि गटाचे पैसे कोण भरतं?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा माल घेणारी कंपनी."

"मग कागद कुणाच्या नावावर?"

तो पोहे खात राहिला. अठरा वर्षं कर्ज विभागात काढल्यावर अशा गप्प बसण्याचा अर्थ कळतो. कंपनीनं पैसे भरले तर कागद कंपनीच्या मुठीत. शेतकरी त्या कागदावर दुसऱ्याला माल विकू शकत नाही. सगळं रान सांभाळणाऱ्याच्या हातात स्वतःच्या सचोटीचा पुरावा नाही. ही तक्रार जुनी आहे आणि म्हणूनच २०२५ च्या जानेवारीत आलेल्या नव्या नियमावलीत गटांना स्वतःचं कायदेशीर अस्तित्व असावं, असं आलं. कागदावर आलं म्हणजे शिवारात यायला किती वर्षं लागतात, ते बघायचं.

परदेशालाही आपल्या कागदाची शंका आलेलीच आहे. २०२१ च्या जानेवारीत अमेरिकेनं भारताच्या सेंद्रिय प्रमाणनाला दिलेली मान्यता काढून घेतली. म्हणजे तिथं माल पाठवायचा तर त्यांनी नेमलेल्या संस्थेकडून तपासणी करून घ्या. माझ्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी आमचा पॅनेलवरचा व्हॅल्युअर, म्हणजे तारणाची किंमत ठरवणारा, बदलला.

पण मला अडत होतं ते वेगळंच. "समजा सगळं चोख आहे," मी म्हटलं, "शेत स्वच्छ, नोंदवही स्वच्छ. तरी औषध चांगलं, असं म्हणता येईल?"

"अजिबात नाही," तो म्हणाला. सेंद्रिय म्हणजे काय घातलं नाही, त्याची हमी. ती वनस्पती तीच आहे का, हा प्रश्न निराळा. योग्य महिन्यात काढली का, हा तिसरा. आणि जमिनीतच शिसं असेल तर ते शेणखतानं जात नाही. त्यासाठी प्रयोगशाळा लागते. आयुर्वेदिक भेषजसंहितेत वनस्पतींसाठी मर्यादा दिल्या आहेत: शिसं १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा, आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. ओळख पटवायला सूक्ष्मदर्शक आहे, रासायनिक ठसे घेण्याची तंत्रं आहेत, अगदी जाळून राख मोजायचीही परीक्षा आहे. आम्लात न विरघळणारी राख जास्त निघाली की समजायचं, मुळांबरोबर माती-वाळूही तोलली गेलीय. मला ही राखेची परीक्षा फार आवडली. वजनात माती मिसळणं हा सगळ्यात जुना धंदा असावा आणि त्यावरचा उपायही तितकाच जुनाट: जाळा आणि काय उरतं ते बघा.

बोहरी आळीतल्या माझ्या नेहमीच्या काष्ठौषधीवाल्याकडे मी पुढच्याच आठवड्यात गेले. अंधारं दुकान, छताला लागलेले पत्र्याचे डबे, आणि दारातच पंधरा-वीस पोत्यांचा मिळून येणारा तो एक वास, ज्यात कुठलीच एक वस्तू ओळखता येत नाही. दुकानदार काका गल्ल्यावर. मी सरळ विचारलं, "काका, तुमच्याकडे कशाचं काही सर्टिफिकेट असतं का?"

काका माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिले. मग माझ्या आधीच्या गिऱ्हाइकाकडे वळले. एक तरुण मुलगा आईची चिठ्ठी घेऊन आला होता. "ब्राह्मी पाव किलो," त्यानं वाचलं. काकांनी विचारलं, "कुठली? जमिनीवर पसरते ती, वाटोळ्या पानाची? का पाणथळीतली, बारीक पानाची? एकीला मंडूकपर्णी म्हणतात, एकीला नीरब्राह्मी. आईला फोन लाव." पोरानं फोन लावला. आईला माहीत नव्हतं. आईनं वैद्यांना फोन लावला. दहा मिनिटं दुकान थांबलं. काकांना त्यात काहीच विशेष वाटलं नाही. पुढचं गिऱ्हाईक अशोकाची साल मागत होतं. काका म्हणाले, "आत्ता नाही."

"पण मागं पोतं दिसतंय."

"ती सोसायटीच्या कुंपणाला लावतात त्या उंच अशोकाची आहे. देवळातल्या हवनाला नेतात. पोटात घ्यायला देणार नाही."

सीतेचा अशोक वेगळा, कुंपणाचा अशोक वेगळा. पहिल्याची झाडं जंगलात कमी होत चाललीत आणि स्त्रियांच्या औषधांना तर साल रोज हवी, म्हणून दुसऱ्याची साल पहिल्याच्या नावावर सर्रास खपते. शंखपुष्पीचंही तेच, तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती ते एक नाव वाटून घेतात. वावडिंगाचंही तेच. करोनाच्या दिवसांत लोकांनी दिसेल त्या झाडावरचा गुळवेल तोडून उकळला. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली तेव्हा वाद पेटला. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, तो गुळवेल नसून त्याच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. डॉक्टर आपल्या मतावर ठाम. त्या वादात कोण बरोबर, हे ठरवायची माझी पात्रता नाही. मला एवढंच दिसलं की, वेल कुठली होती यावरच दोन बाजूंचं एकमत होईना. ज्याला कुंपणावर चढलेली वेल ओळखता येत नाही तो ती सेंद्रिय आहे का, हे विचारून काय करणार?

काकांनी शेवटी मला उत्तर दिलं. "सर्टिफिकेट नाही ताई. पण तुम्ही उद्या आलात तरी मी इथंच असतो." मग डब्यातून एक अतिविष काढून माझ्यासमोर मोडलं. कट्. आत खडूसारखं पांढरं.

मला ते उत्तर आवडलं आणि पुरलं मात्र नाही. काका इथंच असतात, कबूल. पण काकांच्या पलीकडे मुंबईच्या मसजिद बंदरचा व्यापारी, त्याच्या पलीकडे अमृतसरचा किंवा दिल्लीचा, त्याच्या पलीकडे डोंगरात उकरणारा कुणीतरी. काकांचा भरवसा एका दुव्यापुरता. जामीनदाराचा जामीनदार, त्याचा जामीनदार, असं किती मागं जायचं? अतिविषापाशी मी हात टेकले. हिमालय चढणं या गुडघ्यांनी शक्य नव्हतं. हिरडा मात्र जवळ होता.

एप्रिलच्या शेवटी मी आणि मामेभाऊ मंचर, घोडेगाव करत डिंभे धरणाच्या वर गेलो, आहुप्याच्या वाटेनं. आंबेगाव-जुन्नरच्या या पश्चिम पट्ट्यात महादेव कोळ्यांची वस्ती, भाताची खाचरं, आणि बांधाबांधावर, रानात, हिरड्याची झाडं. भातावर वर्ष निघत नाही. उन्हाळ्यात रोख पैसा हातात येतो तो हिरड्याचा.

आम्ही पोचलो तेव्हा एका घरापुढच्या कातळावर हिरडे पसरले होते. गुटीतला सुपारीएवढा हिरडा माझ्या डोळ्यापुढे. हे तर जेमतेम शेंगदाण्याएवढे, काही हिरवे, काही काळे पडून सुरकुतलेले. मी गोंधळले. घरातल्या मावशी हसायला लागल्या. "हे बाळहिरडं," त्या म्हणाल्या. एकाच झाडाचं फळ, पण कोवळं असताना काढलं तर बाळहिरडा, अर्धं भरल्यावर चांभारी हिरडा, कातडी कमवायला जायचा म्हणून ते नाव, आणि पुरतं पिकलं की सुरवारी. बाळहिरड्याला भाव बरा, म्हणून पिकेपर्यंत थांबायला कुणाला परवडत नाही. पहाटे उठून घरातला तरणा गडी झाडावर चढतो, फांद्या झोडतो. खाली बाया-पोरं वेचतात. मग चार-सहा दिवस कातळावर ऊन द्यायचं, आणि रोज संध्याकाळी आभाळाकडे बघायचं. वळवाचा एक शिपका आला की माल बुरसतो, भाव पडतो.

मावशींनी मूठभर ओले हिरडे माझ्या ओंजळीत टाकले. मी एक चावला. तोंड असं तुरट झालं की जीभ टाळूला चिकटली. दोन मिनिटांनी पाणी प्यायले तर पाणी गोड! मावशींची नात खुदखुदत होती. शहरातल्या बायकांना हिरडा चारून पाणी पाजायचा खेळ तिला ठाऊक असावा.

"मावशी, झाडांना काही फवारता का?" मामेभावानं सवयीनं विचारलं.

मावशींना प्रश्नच कळला नाही. "कशाला फवारायचं? झाड काय आपण लावलंय व्हय?"

यापेक्षा सेंद्रिय ते काय असणार? नियमांत रानातून गोळा केलेल्या मालाचीही सोय आहे. गोळा करायचं क्षेत्र नकाशावर आखलेलं हवं, प्रदूषणापासून लांब हवं, परवानगी हवी, आणि रानाला भरून काढता येईल त्याहून जास्त ओरबाडायचं नाही. हे शेवटचं कलम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि नेमकं तेच डबीवर कुणी वाचत नाही. आपण 'नैसर्गिक' म्हटलं की खूश होतो. सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडाला विचारा. आमच्या नंदुरबारात जन्मलेल्या मनसुख वाणींनी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन शोधून काढलं, कर्करोगावरच्या औषधांचा तो पाया ठरला. पुढं कळलं की तेच द्रव्य आपल्या घाटातल्या नरक्यात आहे. मग आंबोलीपासून कोल्हापूर-साताऱ्यापर्यंतच्या रानांतून ती झाडं चोरून तोडली गेली, मुळासकट. एक थेंब रसायन न फवारता संपवलेलं झाड होतं ते.

उलट उदाहरणही याच डोंगरांत आहे. पुण्याच्या एईआरएफ या पर्यावरणाचं काम करणाऱ्या संस्थेनं इथल्या हिरडा-बेहड्याला 'फेअरवाइल्ड' नावाचं प्रमाणपत्र मिळवून दिलं. त्यात शुद्धतेइतकंच वेचणाऱ्याला मिळणाऱ्या पैशाला आणि झाड उभं राहण्याला वजन आहे. कोकणात, संगमेश्वराकडे, बेहड्याच्या जुन्या झाडांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटं करतो. झाड सरपणाला विकलं तर एकदाच पैसे, उभं ठेवून फळं विकली तर दरवर्षी. बँकवालीला हे लगेच पटतं, व्याज खावं आणि मुद्दल राखावं. पण असा कागद मिळालेली गावं थोडी. मावशींचं त्यात नव्हतं.

मावशींचा माल गावातल्या व्यापाऱ्याकडे जातो, कधी आदिवासी विकास महामंडळाची खरेदी असली तर तिथं. पुढं? "पुण्याला जातो. नाहीतर मुंबईला. औषधाला जातो म्हणत्यात." त्या पोत्यात पाच गावांचे हिरडे एकत्र होतात आणि त्याच क्षणी मावशींचं नाव पुसलं जातं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळानं इथली झाडं मोडली तेव्हा तर हेच नाव नसणं अंगाशी आलं. पंचनामे झाले. भरपाईसाठी मात्र वर्षानुवर्षं मोर्चे काढावे लागले. उसाची, कांद्याची सातबाऱ्यावर नोंद असते. हिरडा रानातला, त्याची नोंद कुठं? मीही बँकेत असते तर मावशींना हिरड्यावर कर्ज दिलं नसतं. कागदच नाही.

मामेभाऊ परतताना म्हणाला, यांना सहभागी हमी पद्धत बरी. ती केंद्राच्या कृषी खात्याची. पाच किंवा अधिक शेतकऱ्यांचा गट, सगळ्यांनी शपथ घ्यायची आणि एकमेकांची शेतं एकमेकांनी तपासायची, बाहेरचा निरीक्षक नाही, मोठी फी नाही. ऐकून मला आमच्या बँकेचे बायकांचे छोटे कर्जगट आठवले. पाच बायका एकमेकींना जामीन. बहुतेक गट चोख फेडायचे, कारण हप्ता चुकला तर बँकेच्या नोटिशीपेक्षा शेजारणीचं तोंड जड जायचं. आणि काही गट असेही होते की पाचही जणी एकाच घरच्या जावा, आणि पाचही कर्जं एकाच दिराच्या ट्रॅक्टरमध्ये गेलेली. पद्धत चांगली की वाईट हे कागदावरून ठरत नाही, गावात जाऊन दोन तास ओसरीवर बसलं की कळतं.

चरकसंहितेत सांगितलंय की वनस्पतींची नावं आणि रूपं रानात शेळ्या-मेंढ्या-गायी राखणाऱ्यांना आणि वनवासी लोकांना ठाऊक असतात. लगेच पुढं असंही की नुसतं नाव-रूप कळून भागत नाही. मला वाटतं, आपण दुसरं वाक्य घट्ट धरलं आणि पहिल्यातली माणसं पोत्यात घालून शिवून टाकली.

मी मावशींना सुरवारी हिरडे मागितले. म्हटलं, एका झाडाचे तरी पिकू द्या, मी बाळहिरड्याच्या भावानं घेते. त्यांनी माझ्याकडे, यांचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं पाहिलं आणि हो म्हणाल्या. हिवाळा सरता सरता एस.टी.तून येणाऱ्या एका पोराच्या हाती दोन किलोची पिशवी आली. सोनेरी-पिवळे, उभ्या कण्यांचे, एकमेकांवर आपटले की खणखणणारे. मी त्यांना गच्चीवर एक ऊन दिलं, काचेच्या बरणीत भरले आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवली: गाव, झाड कुठल्या बांधावरचं, महिना, मावशींचं नाव. लेक म्हणाली, आता क्यूआर कोड तेवढा राहिला.

नात तेव्हा सव्वा वर्षाची झाली होती. डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी उसासा टाकला आणि म्हणाल्या, "हिरडा एवढंच. तेही पोट साफ होत नसेल तेव्हा. वेखंड दिसलं तर मी घरी येईन." सहाण निघाली. उकळून गार केलेल्या पाण्याचे चार थेंब, आणि मावशींच्या बांधावरच्या हिरड्याचे दोन वेढे. पिवळसर गंध खळग्यात जमलं. चिमूटभर चाटवलं तर पोरीनं असं तोंड केलं की तिचा व्हिडिओ अख्ख्या खानदानात फिरला.

चार दिवसांनी मावशींचा फोन आला. मला वाटलं, पैशाचं काही राहिलं असेल. पैसे तर पोचले होते.

"बाई, पोरीला दिलं का हिरडं?"

"दिलं की."

"मग? झालं का पोट साफ?"

मी सांगितलं, झालं, चांगलं झालं. पलीकडे मावशींनी फोन न ठेवताच कुणाला तरी हाक मारून ते सांगितलं. मग पुन्हा फोनवर आल्या. म्हणाल्या, "इतकी वर्सं झोडतोय, वाळवतोय. लागू पडलं का नाय, कुणी कधी सांगाया आलं नव्हतं."